युद्ध संपल्याचा दाखला

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ८.१०

नवी वही काढली. जुन्या वहीत सातच पानं भरली होती, पण ती योगासनांची होती. हे काम मोठं आहे.

सक्करदरा तलावावर तीन फेऱ्या (ठरल्या होत्या पाच). गिरिधरने डोकं फिरवलं. गिरिधरचा गांधीबागेत छापखाना आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, पेपरात द्यायच्या श्रद्धांजलीच्या जाहिराती. लोकांच्या सुखदुःखाची प्रुफं वाचून वाचून त्याला वाटायला लागलंय की आपल्याला जगाचं कळतं. आज म्हणाला, त्या मोठ्या देशाच्या मोठ्या नेत्याने सहा युद्धं संपवली. माझ्या पेपरात आकडा सात होता. सहा आणि सातच्या मध्ये एक अख्खं युद्ध जातं, याचं गिरिधरला काहीच वाटलं नाही.

नेत्याचं नाव इथे लिहीत नाही. वही कोणाच्या हाती पडली तर उगाच आंतरराष्ट्रीय भानगड. यापुढे 'नेता क्र. १'. आणखीही आहेत. कोणी एक फोन केला आणि तोफा थांबल्या म्हणे, कोणी हात मिळवताना फोटो काढला आणि शांतता झाली म्हणे. ते क्र. २, ३, ४.

मी विचारलं, संपवलं म्हणजे काय? तपासलं कोणी? गिरिधर म्हणाला, काहून गा किसना, तुले काय करायचं आहे, तो म्हणते संपलं तं संपलं.

हीच ती वृत्ती. एकतीस वर्षं बांधकाम खात्याच्या उपविभागात होतो, शेवटची नऊ वर्षं वरिष्ठ लिपिक. ठेकेदार छाती ठोकून सांगायचे, साहेब, काम कम्प्लीट. पूर्णत्वाचा दाखला माझ्या टेबलावरून जायचा. कम्प्लीट कशाला म्हणतात हे या सक्करदऱ्यात माझ्याइतकं कोणाला कळत नाही.

निर्णय: जगातल्या सर्व युद्धसमाप्तीच्या दाव्यांची पडताळणी करणार. ३० नोव्हेंबरपर्यंत अहवाल. प्रती तीन: एक पेपरला, एक दिल्लीला, एक नॉर्वेला. (शांततेचं नोबेल तिथूनच देतात. नॉर्वेचा पिनकोड शोधणे.)

कौशल्येला सांगितलं. ती म्हणाली, पोरीचं लग्न फेब्रुवारीत आहे, मांडववाल्याकडे जाऊन या आधी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

तक्ता तयार. पट्टीने आखला.

रकाना १: युद्ध प्रत्यक्ष जागेवर होते काय? (एक ठेकेदार नाल्यावरच्या रपट्याचा, म्हणजे बुटक्या पुलाचा, दाखला मागायला आला होता. साहेब पाहणीला गेले तर रपटा सोडा, नालाही सापडला नाही.)

रकाना २: बंद झाले काय?

रकाना ३: दावा करणाऱ्यानेच बंद केले काय, की दुसऱ्याच्या कामावर आपली पाटी लावली?

रकाना ४: दोषदायित्व कालावधी. हा माझा मास्टरस्ट्रोक. रस्त्याच्या कडेला पाटी असते, त्यावर कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव आणि खाली 'दोषदायित्व कालावधी' इतकी वर्षं. लोक वाचत नाहीत. अर्थ सोपा आहे. तेवढ्या काळात रस्ता उखडला तर निस्तरायचं ठेकेदाराने. युद्धालाही तेच लावायचं. संपवलं म्हणतोस ना? मग बारा महिने जबाबदारी तुझी. तोवर एक गोळी जरी सुटली तरी दाखला रद्द.

प्रणालीने तक्ता पाहिला. ती बँकेत आहे, तिला फॉर्म कळतात. म्हणाली, बाबा, युद्ध कोणी सुरू केलं, हा रकानाच नाही ह्याच्यात. मी सांगितलं, तो आपल्या उपविभागाचा विषय नाही. दाखला काम संपल्याचा असतो.

मग ती म्हणाली, मोठ्या बाबाले कधी बोलवून राहिले तुम्ही?

मोठे बाबा म्हणजे माझा मोठा भाऊ, बाबन. खाप्याला असतो. आमचा चार वर्षं अबोला आहे. कारण अगदी क्षुल्लक. आमचे बाबा गेले तेव्हा पेपरात जाहिरात दिली. 'शोकाकुल' या शब्दाखाली माझं नाव, कौशल्येचं नाव, प्रणालीचं नाव, 'व समस्त निनावे परिवार, खापा' असं आलं. बाबनचं नाव आलं नाही. गिरिधरच्या छापखान्यातून जाहिरात गेली, लाइनी कमी पडल्या, त्याने कापलं. माझ्या नावाखाली 'वरिष्ठ लिपिक' ही एक लाइन लागली, हे खरं, पण ती आवश्यक होती. नागपुरात कृष्णकांत निनावे दोन आहेत. यावर बाबन तेरवीला म्हणाला, सहा वर्षं मी त्याहिले उचलू उचलू न्हाऊ घातलं, अन् मी समस्तमध्ये? आणि पानावरून उठून गेला. मुळात आमचं आडनावच निनावे. नाव नाही म्हणून एवढं चिडायचं कशाला, हा विनोद मी तेव्हा करायला नको होता.

प्रणाली म्हणाली, मोठे बाबा नसले तं मी मांडवात उभी राहणार नाही. आवाज न चढवता म्हणाली. लहानपणी सगळ्या सुट्ट्या तिने खाप्याला काढल्या, बाबनच्या हातमागाखाली बसून सुताच्या कांड्या गोळा करायची. मला वाईट वाटलं. वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो.

नंतर नॉर्वेला लिहायच्या पत्राचा मायना केला.

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी १०.३०

दावा क्र. १: दोन देशांतलं जुनं युद्ध नेता क्र. १ ने संपवलं. अ‍ॅटलास काढला. दोन्ही देशांच्या सीमा एकमेकींना कुठे लागतच नाहीत. अ‍ॅटलास जुना असावा.

दावा क्र. २: तंटा नदीच्या पाण्यावरून. अर्ज, भाषणं, डोळे वटारणं भरपूर. लढाई झालेलीच नाही. रकाना १ मध्येच नापास. रपट्याची आठवण आली.

आता निघतो. गुरुवारी अकरा ते चार पेन्शनर संघाची बैठक. कौशल्या गुरुवारी मला वेळेच्या आधी घराबाहेर काढते. डबाही देते. नवऱ्याच्या सामाजिक कामाची कदर असावी ती अशी.

सायं. ५. घरी आलो तर माझी आरामखुर्ची खिडकीकडे वळवलेली. कचऱ्याच्या डब्यात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी. आमच्या घरात खर्रा कोणी खात नाही. कौशल्या म्हणाली, नळवाला आला होता. नळ तर परवाच दुरुस्त झाला. या नळवाल्यांच्या कामालाही दोषदायित्व कालावधी पाहिजे.

९ नोव्हेंबर, रविवार

तलावावर गिरिधरशी कडाक्याचं भांडण. तर्री-पोहे गार झाले.

मुद्दा: थांबलं आणि मिटलं यांत फरक आहे की नाही? मी म्हटलं, थांबलं म्हणजे दोघंही दमले. मिटलं म्हणजे दोघांनाही पुन्हा तो विषय आठवत नाही. नेते थांबल्यावर जातात, फोटो काढतात आणि मिटवलं म्हणून सांगतात. गिरिधर म्हणाला, मेले नाही ना लोकं आज? मंग झालं. मी म्हटलं, आज नाही मेले, उद्याचं काय? तो म्हणाला, उद्याचं उद्या पाहू गा, आजचं तं बरं झालं ना.

घरी आल्यावर चार उत्तरं सुचली. ती वेगळ्या कागदावर लिहिली आहेत.

जाता जाता तो म्हणाला, तुले एवढं समजते तं तू एखादं भांडण मिटवून दाखव.

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ९

ठरलं. नुसती टीका करणारा मी नाही. प्रात्यक्षिक करून दाखवणार. बाबनचा आणि माझा वाद मीच संपवणार, तोही पद्धतशीर, माझ्याच चारही रकान्यांत बसेल असा. मुदत एक आठवडा. प्रणालीचंही काम होईल.

११.१५. फोन केला. तुळजावहिनींनी उचलला. म्हणाल्या, ते झोपून आहेत. दिवसाचे सव्वाअकरा वाजलेत. मागून बाबनच्या खोकल्याचा आवाज येत होता. झोपेत खोकला येतो काहींना.

४.४०. पुन्हा फोन. यावेळी बाबनने स्वतः उचलला. मी म्हटलं, झालं गेलं विसरून जायचं मी ठरवलं आहे. तो म्हणाला, हं. मी म्हटलं, प्रणालीचं लग्न बावीस फेब्रुवारीला आहे. तो म्हणाला, मालूम आहे. मी म्हटलं, म्हणजे आता आपल्यात काही नाही असं धरू का? तो म्हणाला, धर. आणि ठेवला.

एकूण वेळ: एक मिनिट पन्नास सेकंद. चार वर्षांचा वाद! नेता क्र. १ लाही इतकं जमलेलं नाही.

(लग्नाची तारीख त्याला कुठून मालूम? खाप्यात बातम्या लवकर पोचतात.)

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या 'निनावे परिवार' ग्रुपवर सकाळी जाहीर केलं: 'सर्वांना कळवण्यास आनंद होतो की, माझ्या पुढाकाराने निनावे परिवारातील चार वर्षांचा वाद आज कायमचा संपुष्टात आला आहे. – कृष्णकांत.' सोबत माझा फोटो, निवृत्तीच्या सत्काराचा, शाल-श्रीफळ घेतलेला. दुसरा चांगला नव्हता.

सतरा अंगठे, चार हात जोडलेले, एक केक.

दुपारी पेन्शनर संघातही सांगितलं. टाळ्या झाल्या. चहाची वेळ झाली होती, त्याच्याही असतील.

सायंकाळी ग्रुप पाहिला. 'बाबनराव निनावे यांनी ग्रुप सोडला.'

विचार केला. वाद संपला, म्हणजे ग्रुपमध्ये राहून वाद घालायचं कारण उरलं नाही. म्हणून सोडला असेल. प्रणालीला हे सांगितलं. ती उठून खोलीत गेली.

खुर्ची आजही खिडकीकडे वळलेली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तोंडी बोलण्याला किंमत नसते, हे मी ठेकेदारांना एकतीस वर्षं सांगत आलो, आणि स्वतःच विसरलो. चूक इथे झाली. लेखी पाहिजे.

संयुक्त निवेदन टाइप करून आणलं. 'आम्ही खाली सही करणारे असे लिहून देतो की, उभय पक्षांत आजमितीस कोणताही वाद शिल्लक नाही व भविष्यात सदर जाहिरातीचा विषय कोणत्याही व्यासपीठावर, पंगतीत वा दूरध्वनीवर काढला जाणार नाही.' सह्यांसाठी दोन जागा. माझी सही करून टाकली. पोच पावतीसह रजिस्टर पोस्टाने खाप्याला रवाना.

कौशल्या म्हणाली, सख्ख्या भावाला रजिस्टर? मी म्हटलं, दोन देश करार करतात तेव्हा काय आंतरदेशीय टाकतात? ती म्हणाली, तुम्ही दोन देश आहात का? बायकांना प्रक्रिया समजत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सायं. ६

डोकं उठलं आहे. अकरा दाव्यांपैकी एक, क्र. ४, मी चारही रकाने तपासून सशर्त पास केला होता. हिरव्या शाईने. आज बातम्यांत दाखवलं, तिथे पुन्हा सुरू झालं. नेता क्र. १ म्हणे, संपलंच आहे, हे वेगळं आहे. दाखला रद्द केला. हिरव्यावर लाल शाई चांगली दिसत नाही. पान फाडून पुन्हा लिहावं लागणार.

टीव्हीवर एक बाई आपल्या घराच्या मातीत चमचे शोधत होती. कौशल्येने आवाज बंद केला पण चित्र बंद केलं नाही. मी म्हटलं, ही बाई कोणत्या रकान्यात बसते? कौशल्या म्हणाली, जेवून घ्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रजिस्टर परत आलं. पाकिटावर पोस्टमनच्या अक्षरात: 'घेण्यास नकार.'

राग आला. भयंकर राग आला. माणूस इकडे शांततेसाठी जिवाचं रान करतो आहे आणि समोरचा पाकीटसुद्धा उघडत नाही! आता मला नेता क्र. १ ची अडचण समजायला लागली. दोन्ही पक्ष अडाणी असले तर मध्यस्थाने काय करावं? (इथे मीच एक पक्षही आहे, हे मान्य. पण मध्यस्थही मीच आहे.)

शांतपणे तक्ता पुन्हा पाहिला. निकष जरा जास्तच कडक आहेत. प्रत्यक्ष क्षेत्रात काम केल्यावर हे कळतं. दुरुस्त्या:

रकाना २ मध्ये 'बंद झाले काय' ऐवजी 'बंद होण्याच्या दिशेने आहे काय'.

रकाना ४ मध्ये बारा महिन्यांऐवजी 'वाजवी कालावधी'.

आणि पाकीट नाकारणं म्हणजे गोळीबार नव्हे. तशी तळटीप टाकली.

३० नोव्हेंबर, रविवार

अहवालाची मुदत. अहवाल पूर्ण. सुधारित निकषांनुसार अकरापैकी अकरा दावे पास. बारावा माझा, तोही पास. लढाईच न झालेला तो क्र. २ सुद्धा, 'दिशेने' हा शब्द रकाना १ लाही लावल्यामुळे, बसला.

तलावावर गिरिधरला वाचून दाखवला. मला वाटलं होतं वाद घालेल. त्याने पूर्ण ऐकला आणि पाठीवर थाप मारली. म्हणाला, वा गा किसना, तू तं अगदी त्याच्यासारखाच बोलून राहिला.

कौतुकाने म्हणाला. म्हणूनच जास्त लागलं. आज एकच फेरी.

घरी प्रणाली समोर येऊन बसली. म्हणाली, बाबा, एक खरं सांगा. ह्या सगळ्यात तुम्ही मोठ्या बाबाले चुकलं म्हणून एकदा तरी म्हटलं का? मी अहवाल उघडला. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. तसा रकाना नाही. मी म्हटलं, चूक गिरिधरच्या लाइनींची होती. ती म्हणाली, बरं. हे 'बरं' अगदी बाबनच्या 'धर'सारखं होतं.

निर्णय: नॉर्वेची प्रत तूर्त रोखली. गुरुवारी पेन्शनर संघ बुडवून स्वतः खाप्याला जाणार. घरच्या माणसाला पत्रिका पाठवत नाहीत, रजिस्टर तर नाहीच नाही. अक्षत घेऊन जातात, दारात उभं राहून लग्नाला या म्हणतात. ही गोष्ट मला पंधरा तारखेला आठवायला हवी होती. कौशल्येला सांगायचं नाही. सरप्राइज.

४ डिसेंबर, गुरुवार. सायं. ७

सकाळी नेहमीसारखा डबा घेऊन निघालो. पिशवीत कुंकू लावलेली अक्षत, सुपारी. खिशात बाबनशी बोलायचे अकरा मुद्दे. सावनेरपर्यंत बस, पुढे ऑटो. बाबनकडे पोचलो तेव्हा पावणेबारा.

दाराला कुलूप.

शेजारची म्हातारी भाजी निवडत बसली होती. विचारलं, बाबनराव कुठे गेले? ती म्हणाली, नागपूरले, भावाच्या इथं. मी म्हटलं, कोणत्या भावाच्या? ती म्हणाली, एकच तं भाऊ हाये त्याले, सक्करदऱ्याले राह्यते. गुरुवार नाही का आज? गुरुवारी जाते ना ते दोघं.

मी म्हटलं, दर गुरुवारी? ती म्हणाली, तुम्ही कोण बाप्पा? मी म्हटलं, पेन्शनर संघाकडून आलो.

परतीची बस मिळेपर्यंत डबा खाल्ला. काय खाल्लं आठवत नाही.

घरी पोचलो साडेतीनला. माझ्या आरामखुर्चीत, खिडकीकडे तोंड करून, बाबन. पुढ्यात चहा. खाली सतरंजीवर तुळजावहिनी आणि कौशल्या साड्यांचे गठ्ठे उलगडून बसलेल्या. मध्ये प्रणाली, रजा टाकून. बाबन तिला साडीचा काठ उलटा करून दाखवत होता, विणीत गाठ कशी ओळखायची ते. बोलत होता, हसतही होता. केस सगळे पांढरे झालेत त्याचे. चार वर्षांत इतके?

मी दिसलो आणि सगळं बंद पडलं. अकरा मुद्दे खिशात होते. तोंडातून एकच निघालं, दादा.

बाबनने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, पोरी, तुह्या बापाले सांग, मी तुह्या लग्नाले येऊन राहिलो, कोणाच्या दाखल्यावर नाही. मी उभाच. मग तो म्हणाला, त्याले म्हणा, बस म्हणा. माझ्याच घरात. बसलो. कौशल्येने चहा ठेवला. मी कपाकडे नुसता पाहत होतो. तो खिडकीकडे पाहत म्हणाला, त्याले म्हणा, चहा थंडा होऊन राहिला.

प्यायलो. थंडच झाला होता.

अक्षत त्याच्या हातावर ठेवायची हिंमत झाली नाही. तुळजावहिनींनी पुढे होऊन पदरात घेतली. पाच वाजता ते गेले.

कौशल्येला विचारलं, केव्हापासून? म्हणाली, अडीच वर्षं. पहिले तुळजाबाई एकट्या येत, मग एकदा तेही आले. आम्ही दोघींनी त्या जाहिरातीवर एकदा रडून घेतलं, मग नाही बोललो. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? तिने साड्यांची घडी घालता घालता सांगितलं, सांगितलं असतं तं तुम्ही ग्रुपवर टाकलं असतं.

म्हणजे जे युद्ध मी १२ नोव्हेंबरला एक मिनिट पन्नास सेकंदांत संपवलं, ते अडीच वर्षांपूर्वीच संपलं होतं. मला वगळून.

८ डिसेंबर, सोमवार. दुपारी १२.३०

गिरिधरच्या छापखान्यात गेलो, पत्रिकेचा मजकूर द्यायला. म्हटलं, निमंत्रकांत पहिलं नाव श्री. बाबनराव निनावे, ठळक. आणि लाइनी मोजून घे, मागच्यासारखं व्हायला नको.

गिरिधर म्हणाला, मागच्यासारखं म्हणजे? मी म्हटलं, बाबांच्या जाहिरातीत लाइनी कमी पडल्या होत्या ना. त्याने कॉम्प्युटरमध्ये शोधलं. त्याच्याकडे सगळ्यांची मरणं वर्षवार ठेवलेली आहेत. जाहिरात पडद्यावर आली. बाबांचा फोटो. खाली शोकाकुल. माझं नाव, खाली हुद्दा, कौशल्या, प्रणाली, समस्त. त्याखाली दोन बोटं कोरी जागा.

गिरिधर म्हणाला, जागा तं तवाही होती गा. तूच म्हणला होता, माझं नाव मोठ्या अक्षरात टाक, अन् हुद्दा खाली वेगळ्या लाइनीत. मी इचारलं होतं, बाबनभाऊचं नाव कुठं टाकू? तू म्हणला, आलं ना समस्तमध्ये.

मला आठवलं. आठवलं म्हणजे, विसरलो कधीच नव्हतो बहुतेक. चार वर्षं सगळ्यांना सांगत आलो की गिरिधरने लाइन कापली. विचारलं, तुझ्या कानावर आलं होतं का हे? म्हणाला, आलं होतं ना. मी म्हटलं, मग बोलला का नाही? तो म्हणाला, जाऊ दे ना गा. आणि पत्रिकेचे नमुने दाखवायला लागला. रोज सकाळी हा माणूस तलावावर माझ्याबरोबर फिरतो आहे. लाज वाटली. स्वच्छ लाज वाटली.

२.००. खाप्याला फोन लावला. तुळजावहिनी म्हणाल्या, ते झोपून आहेत. मी म्हटलं, हरकत नाही, उठेपर्यंत थांबतो. त्यांनी फोन तसाच ठेवला. पलीकडून मागाचा खटखट आवाज येत होता. झोपेत कोणी माग चालवत नाही, एवढं मलाही कळतं. अकरा मिनिटं ऐकत होतो. मग बॅटरी संपली. चार्जर लावला आहे. पुन्हा लावणार.

२.२०. अहवाल रद्द. तक्ता तेवढा ठेवला. दावा क्र. १२ पुन्हा भरला, जुन्या निकषांनी.

रकाना १. युद्ध होते काय: होते.

रकाना २. बंद झाले काय: थांबलं आहे. मिटलेलं नाही.

रकाना ३. दावा करणाऱ्यानेच केले काय: नाही. सौ. तुळजाबाई, सौ. कौशल्या. पाटी कुठेही लावलेली नाही.

रकाना ४. दोषदायित्व कालावधी: माझ्याकडे. मुदत लिहिली नाही.

मग पट्टी घेतली आणि शेवटी एक रकाना नवा आखला. रकाना ५. युद्ध कोणी सुरू केले?

कृष्णकांत निनावे.

हुद्दा लिहिला नाही. जागा पुरून उरली.